पॉलिमिक्सिन घातल्यावर

२ डिसेंबर २०२४, सोमवार

पेपरचं उत्तर आलं. नाकारला नाही, पण स्वीकारलाही नाही. पहिल्या परीक्षकाने दोन पानं कौतुक केलंय. दुसऱ्याच्या फक्त साडेतीन ओळी आहेत. कडव्या वालातून आम्ही वेगळं काढलेलं प्रथिन रोगप्रतिकारक पेशींना जागं करतं, हे त्याला पटलेलं दिसत नाही. त्याचं म्हणणं असं, की तुमच्या प्रथिनात बॅक्टेरियाच्या कवचाचे अंश मिसळले नसतील कशावरून? ते अंश निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घालून प्रयोग पुन्हा करा.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अकरा वर्षं मी वालावर काम करतोय, अनिता. आणि हा मला विचारतोय, भांडी नीट घासता ना?"

मला हसू आलं. सरांना आलं नाही.

सरांचं नाव मोरेश्वर, पण रोह्यात सगळे मोरोपंतच म्हणतात. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी रोह्याजवळच्या वरशात भावाच्या इमारतीतल्या दोन खोल्यांत हे केंद्र काढलं. मी तिथे चार वर्षांपूर्वी आले. माझी पीएचडी या पेपरवर अडलेली आहे. म्हणून मी सरांना न विचारताच पॉलिमिक्सिनची एक बाटली मागवून टाकली. संध्याकाळी सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले.

५ डिसेंबर, गुरुवार

आज शेळ्यांना वालाच्या प्रथिनाची पहिली सुई दिली. शेळ्या कृष्णा आत्याच्या, आठ. वाडीतल्या आणखी पाच घरांच्या शेळ्यांना जानेवारीत द्यायची आहे.

आत्याला मीच तयार केलं. सर विचारत होते, कोणी विश्वासाचं आहे का तुझ्या गावाकडे? माझी आत्या रोह्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर राहते. भात आणि वाल पिकवते. काका गेल्यापासून तिचा सगळा जीव शेळ्यांत आहे. कागदावर सही करताना तिने पेन बराच वेळ हातात धरून ठेवलं.

"ताप तं येनार नाय ना गो?"

"आला तर एखादा दिवस. वालाचंच औषध आहे आत्या, तुझ्याच शेतातलं."

"वाल खाऊन कुनाला ताप आलेला मी तरी बगितला नाय," असं म्हणून तिने सही केली.

सुया हैबतरावांनी दिल्या. ते गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेत. कबरी शेळी गाभण असावी, असं आत्या म्हणाली. आमच्या नियमाप्रमाणे गाभण शेळी घ्यायची नाही. हैबतराव म्हणाले, "पोट कुठे दिसतंय?" सरांना आठचा आकडा हवा होता. मी काही बोलले नाही. औषध मीच बनवलेलं, बारीक गाळणीतून दोनदा गाळलेलं. त्यातून एकही जिवंत जंतू जात नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी आत्याचा फोन. शेळ्या रात्रीपासून कापतायत, चारा पाहून तोंड फिरवतायत. मी घाबरून सरांना सांगितलं. ते खूश झाले. "अगं, ताप म्हणजे फौज जागी झाली! पेशींत दिसतं तेच जनावरात दिसलं. लिहून ठेव, वेळेसकट."

मी लिहून ठेवलं, वेळेसकट. आत्याला फोन करून तेच सांगितलं, फौजेचं.

"बरं," ती म्हणाली.

९ डिसेंबर, सोमवार

शनिवारी काळी शेळी मेली. काल तिची पाट, म्हणजे तिचीच लेक, मेली. आज पहाटे कबरीने गाभ टाकला.

गाडीतून उतरून मी केंद्रात न जाता सरळ वाडीवर गेले. कबरी दावणीपाशी पडली होती, डोळे उघडे. तिचं डोकं मांडीवर घेतलं तर कान बर्फासारखे गार. आत्या दारात उभी होती. रडत नव्हती. "अनिते, ह्यो कसला ताप?" एवढंच म्हणाली.

हैबतराव आले. म्हणाले, थंडी बाधलीय, या दिवसांत असं होतं. मला ते ऐकून एकदम हलकं वाटलं. थंडी आहेच यंदा. शेजारच्या वाडीतही एक बोकड गेला म्हणे.

सरांना सांगितलं, तेव्हा ते खुर्चीवर बसले. मग विचारलं, "औषधाची बाटली उरलीय का?" मी म्हटलं, अर्धी आहे, फ्रिजमध्ये. "बरं. राहू दे."

१२ डिसेंबर, गुरुवार

सर काल आले नाहीत, आजही नाहीत. फोन बंद.

रात्री जेवताना अक्षय म्हणाला, "तुझे सर ॲडमिट आहेत, माहितीय ना?" अक्षय, माझा नवरा, इथे पेणलाच गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतो. त्याचे मालक आजारी आहेत, त्यांना बघायला दवाखान्यात गेला होता. शेजारच्या खोलीत सर, दोन्ही हातांना सलाईन. मी तशीच ताटावरून उठून गेले.

सर ओळखू येईनात. ओठ पांढरे. सरांच्या पत्नी, सुनीतीकाकू, उशाशी बसून होत्या. त्या म्हणाल्या, मंगळवारी संध्याकाळी अचानक हुडहुडी भरली, रक्तदाब इतका खाली गेला की रोह्याच्या डॉक्टरांनी इथे पाठवलं. डेंग्यू असेल म्हणतायत, पण तपासणीत काही येत नाही.

"डेंग्यूच आहे," सर डोळे मिटूनच म्हणाले. मग काकू पाणी आणायला गेल्या तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "फ्रिजमधली ती बाटली कोणाला देऊ नकोस."

तापातही त्यांना कामाचीच काळजी. घरी येताना मला रडू आलं.

१६ डिसेंबर, सोमवार

सर आले. शर्ट अंगावर लोंबतोय. आल्या आल्या म्हणाले, जानेवारीतल्या सुया रद्द. मी विचारलं, का? "थंडी आहे." मग संक्रांतीनंतर घेऊ या का? "नको म्हटलं ना!" असे ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. आजारपणाने माणूस चिडचिडा होतो.

फ्रिजमधली बाटली त्यांनीच कुठेतरी हलवलेली दिसते, सापडली नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

पॉलिमिक्सिन आलं. एवढ्याशा बाटलीच्या तळाला चिमूटभर पांढरी पूड. एका मातीतल्या जंतूने दुसऱ्या जंतूंना मारायला बनवलेलं हे छोटं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडाच. बॅक्टेरियाच्या बाहेरच्या पडद्यात एक स्निग्ध रेणू असतो, लिपिड. पॉलिमिक्सिन नेमकं त्याला जाऊन चिकटतं आणि पडदा फाडतं. दवाखान्यात ते अगदी शेवटचं औषध म्हणून वापरतात. प्रयोगशाळेत त्याचा उपयोग वेगळा. बॅक्टेरिया मेला, गाळला, उकळला, तरी तो लिपिड मागे उरतो, आणि त्याच्या नुसत्या वासाने आपल्या पेशी खवळतात. त्यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. पॉलिमिक्सिन घातलं की ते त्याला धरून बसतं आणि पेशी शांत राहतात. मग पेशी खवळल्या त्या तुमच्या प्रथिनाने की या लिपिडने, ते कळतं.

आज पेशींवर सगळं घालून ठेवलं. वाल एकटा. वाल आणि पॉलिमिक्सिन. शुद्ध लिपिड, पॉलिमिक्सिनसकट आणि त्याविना. शिवाय पेशींना जागं करणारा दुसरा एक पदार्थ, ज्यावर पॉलिमिक्सिनचा काहीच परिणाम व्हायला नको. म्हणजे पॉलिमिक्सिनने पेशीच मारल्या, असं कोणी म्हणायला नको.

उद्या रंग बघायचा. पेशी जितक्या खवळलेल्या, तितका पिवळा. त्या परीक्षकाला फोटोच पाठवते.

२० डिसेंबर, शुक्रवार

पिवळा रंग आला नाही.

प्लेटवरच्या, वाल एकटा असलेल्या खळग्यांत गर्द पिवळा, नेहमीसारखा. त्याच्या शेजारच्या रांगेत, वाल आणि पॉलिमिक्सिन, पाणी. बिनरंगी, नुसत्या पाण्यासारखं. शुद्ध लिपिडच्या रांगेतही तसंच. आणि तो दुसरा पदार्थ पॉलिमिक्सिन घालूनही तसाच पिवळा. म्हणजे पेशी ठणठणीत होत्या.

मला आधी वाटलं, एक रसायन घालायला विसरले. प्लेट उजेडात धरली, उलटी केली, यंत्रात तीनदा घातली. तीनदा तेच आकडे. प्लेटवरचं झाकण हातातून पडलं. संडासात जाऊन नळ सोडून उभी राहिले. बाहेर कोणीतरी दार वाजवून गेलं.

सर बँकेत गेले होते. त्यांना काही सांगितलं नाही. प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून सगळ्यात खालच्या खणात ठेवली, चोरीचा माल ठेवावा तशी.

२३ डिसेंबर, सोमवार

शनिवारी पुन्हा लावलं, काल रविवारी येऊन बघितलं. तेच. मग प्रथिन अर्धा तास उकळलं. प्रथिन असेल तर उकळल्यावर त्याचं काम संपायला हवं, अंड्याचा बलक पुन्हा पातळ होत नाही तसं. आज बघितलं, उकळलेला वाल तसाच पिवळा. लिपिड उकळण्याने मरत नाही.

आम्ही चार वर्षं वालाचं काम मोजतच नव्हतो.

मग हे आलं कुठून? दुपारी एकेक वस्तू तपासत बसले. नळी, गाळणी, मीठ. शेवटी उरला कोपऱ्यातला वीस लिटरचा पाण्याचा कॅन, ऊर्ध्वपातित पाणी साठवायचा. प्रथिन त्याच पाण्याने धुतो. झाकण उघडून आत बोट फिरवलं. बुळबुळीत. आतून सगळीकडे पातळ शेवाळी थर.

हा कॅन मी भरते. रोज सकाळी, आल्या आल्या. वरून भरते. रिकामा करून घासल्याचं मला आठवत नाही. पहिल्या वर्षी एकदा घासला असेल.

आणि मग कबरीचे गार कान आठवले. हे आत्ता आठवावं? वीस तारखेलाच का नाही? तीन दिवस मी फक्त पेपरचा विचार करत होते, पीएचडीचा. शेळ्यांना मी पेशींपेक्षा शंभरपट जास्त दिलं होतं. गाळलेलं होतं म्हणून निर्धास्त होते. गाळणीतून जंतू जात नाही, हा लिपिड जातो. माझ्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात हे आहे.

थंडी नव्हती ती.

२४ डिसेंबर, मंगळवार

कामावर गेले नाही. अक्षयला पोट दुखतंय असं सांगितलं.

२६ डिसेंबर, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सरांच्या टेबलावर तिन्ही प्लेटींचे आकडे ठेवले. मी पाठ करून आले होते. चूक माझी आहे, कॅन मी घासला नाही, मला काढून टाका. सरांनी आकड्यांकडे बघितलंच नाही. त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

"कितीदा करून बघितलंस?" ते म्हणाले.

"काय सर?"

"काही नाही. बस."

मी बसले.

"दोन हजार वीस साली, तू येण्याआधी सहा महिने, मी पॉलिमिक्सिन घालून बघितलं होतं. एकदाच. पिवळं झालं नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय.

"पॉलिमिक्सिनची बाटली जुनी होती. बिघडली असेल, पेशी मेल्या असतील, असं मी ठरवलं." मग स्वतःच म्हणाले, "तपासलं नाही. ठरवलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू परत केलं असतंस."

मी येण्याआधीही कॅन बुळबुळीतच होता तर. मला क्षणभर, लाज वाटते लिहायला, बरं वाटलं. पाठोपाठ ते बरं वाटणं फाटून गेलं. मी जोरात ओरडले. "माहिती होतं तर शेळ्यांना का दिलंत? माझ्या आत्याच्या शेळ्यांना?"

"माहिती नव्हतं गं. ठरवलं होतं ना, की तसं नाहीये. सात-आठ वर्षांचं काम तोवर झालं होतं. रोज येऊन कामाला लागलं की खरंच विसरायला होतं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, वर्गात शिकवतानाचा. "दुसरी शेळी गेली तेव्हा आठवलं. तरी मला खात्री हवी होती. म्हणून मंगळवारी उरलेल्या बाटलीतलं घेतलं. शेळीला दिलं त्याच्या विसाव्या भागाइतकंच. दंडाला."

मला काही कळेना. "कोणाच्या दंडाला?"

सर उजव्या हाताने डावा दंड धरून बसले होते.

डेंग्यू नव्हता तो. मी पेणच्या दवाखान्यातून रडत घरी आले होते, कामाची केवढी काळजी म्हणून. त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, ती बाटली कोणाला देऊ नकोस. आणि मी ती घरभर शोधावी तशी केंद्रभर शोधत बसले. कशाचीच उत्तरं मी शोधली नाहीत. माझं डोकं तेव्हा कुठे होतं?

"मेला असतात तुम्ही."

"एक तास मलाही तसं वाटलं," ते म्हणाले. "काकूंना सांगू नकोस."

निघताना म्हणाले, पेपर मागे घेऊ. कारण देऊ, पाणी दूषित होतं. शेळ्यांचं मात्र लिहायला नको, त्याची चौकशी लागेल, तुझं नावही त्यात आहे. घरी जाऊन विचार कर.

गाडीत विचार केला. पेण कधी आलं कळलं नाही, एका बाईने हलवून उठवलं. तिला वाटलं मी झोपलेय.

२७ डिसेंबर, शुक्रवार

अक्षयला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लिहू नको शेळ्यांचं. तुला कोण नोकरी देईल?" थोड्या वेळाने म्हणाला, "पण आत्याला तरी कळायला नको का?" मग पुन्हा म्हणाला, लिहू नको. त्याला काय सुचवायचंय ते त्यालाच ठाऊक नाही, आणि मी तरी कुठे वेगळी आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

पत्र लिहिलं. संपादकाला, आणि त्याची प्रत ज्या समितीने शेळ्यांची परवानगी दिली तिला. पॉलिमिक्सिनचे आकडे, उकळल्याचे आकडे, कॅन. आणि शेवटी एक परिच्छेद: या दूषित द्रावणाची सुई आठ शेळ्यांना दिली, दोन दगावल्या, एकीने गाभ टाकला, ती गाभण असल्याची शंका मालकिणीने आधी सांगितली होती आणि मी ती नोंदवली नाही.

सरांनी सही केली नाही तर माझ्या एकटीच्या सहीने पाठवायचं, असं ठरवून गेले.

त्यांनी दोनदा वाचलं. शेळ्यांच्या परिच्छेदावर पेन थांबलं. मला वाटलं, खोडणार. त्यांनी ओळीच्या शेवटी, बारीक अक्षरात जोडलं: "तसेच एका मनुष्याला. मी." आणि खाली सही केली. पाठवायच्या आधी म्हणाले, "काकूंना आज मीच सांगतो."

मला त्यांचा राग आहे. अजूनही आहे. पण पाठवायचं बटण दाबल्यावर आम्ही दोघे कितीतरी वेळ तिथेच बसून होतो, आणि मला उठावंसं वाटलं नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज आत्याकडे गेले. आठवडाभर टाळलं. सर येतो म्हणाले होते, मी नको म्हटलं. सही मी करून घेतली होती.

आत्या अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. पॉलिमिक्सिन हा शब्द न वापरता. पाण्यात मेलेल्या जंतूंचं चरबीसारखं विष होतं, ते डोळ्यांना दिसत नाही, उकळून जात नाही. ते सुईतून शेळ्यांच्या अंगात गेलं.

तिचे हात थांबले नाहीत. "म्हंजे वालानं नाय मेल्या."

"नाही."

"थंडीनंबी नाय."

"नाही."

"पानी वंगाळ व्हतं. न् पानी कोन भरायचं?"

"मी."

आता हात थांबले. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या कुडाकडे बघत होती. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. "कबरी गाभन हाय म्हनून मी सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "तू ऐकलंस. मी बगितलं, तू ऐकलंस ते."

"ऐकलं होतं," मी म्हणाले.

ती उठली, पदर खोचला. "चल."

"कुठे?"

"मला येकटीला सांगून काय गो? त्या पाच घरांनी तुज्या सुईसाठी नावं दिल्यात. माज्या सांगन्यावरनं. चल, न् तुज्या तोंडानं सांग."

पाच घरं. प्रत्येक दारात आत्या म्हणायची, "ही माजी भाची. हिला काय सांगायचं हाय," आणि बाजूला होऊन उभी राहायची. मग मी पहिल्यापासून. दुसऱ्या घरी एक म्हातारा माझ्या अंगावर धावून आला. तिसऱ्या घरी मला पाणी दिलं आणि एक अक्षर बोलले नाहीत. चौथ्या घरी विचारलं, सरकारी पैसा होता का, कोणाला किती मिळाला? सांगता सांगता माझा आवाज बसला. एकच गोष्ट दर वेळी नव्याने सांगावी लागत होती, सोपी मुळीच होत नव्हती.

शेवटचं घर रंभाचं. ती माझ्या वयाची, आम्ही लहानपणी एकत्र खेळलोय. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते सगलं ऱ्हाऊं दे. वालात औषध हाय का नाय, ते सांग."

मी तोंड उघडलं. चार वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी गाडीत, लग्नांत, मुलाखतीत, सगळीकडे देत आलेय.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"येवढी शिकलीस न् म्हाईत नाय?"

"नाही. असेल, नसेल. आम्ही ते अजून बघितलेलंच नाही."

रंभा आत्याकडे बघायला लागली, जणू तिनेच आता काही बोलावं. आत्याने माझ्याकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा सरळ डोळ्यांत.

"मंग बग की गो," ती म्हणाली. "पन आदी पानी बदल."